मूल्यशिक्षणाचा तास आणि खिचडीची रांग

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेचा आहे. पहिली ते सातवी, पट शंभराच्या आत, शिक्षक चार. शहरातली एक संस्था 'चारित्र्य विकास कार्यक्रम' घेऊन आली आहे. आठवड्याला एक तासिका, रंगीत कार्यपुस्तिका, महिन्याला एक मूल्य, वर्षअखेरीस परीक्षा, प्रमाणपत्र आणि 'आदर्श विद्यार्थी' असा बिल्ला. दर विद्यार्थ्यामागे शुल्क आहे. निम्मं ग्रामपंचायत देते म्हणते, निम्मं पालकांकडून घ्यायचं. शाळा व्यवस्थापन समिती उत्सुक आहे, कारण गेल्या वर्षी एका शिक्षकाचा मोबाइल वर्गातून गेला आणि सातवीची पोरं संडासामागे खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) खाताना सापडली. मॅडम विचारतात, अशा कार्यक्रमांनी पोरं खरंच बदलतात का, पुरावा काय, आणि घ्यावा की नको?

मॅडम, सरळ सांगतो. ज्या रूपात तो तुमच्यापुढे ठेवलाय त्या रूपात घेऊ नका. तासिका, पुस्तिका, परीक्षा आणि बिल्ला यांनी पोरांच्या तोंडची भाषा बदलते, वागणं फारसं बदलत नाही. पण असल्या कार्यक्रमांचा काहीच उपयोग नसतो असंही मी म्हणणार नाही. काहींनी मोजता येण्यासारखा फरक पाडला आहे. कोणत्या आणि कशामुळे, हे नीट पाहिलं तर त्याच संस्थेकडून तुम्हाला निराळं काम करून घेता येईल.

या विषयातला जुना आणि मोठा अभ्यास अमेरिकेतल्या ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांचा. १९२८ ते १९३० या काळात तो तीन खंडांत छापून आला. सुमारे ११,००० मुलं, वय ८ ते १६. 'तू प्रामाणिक आहेस का' असं ते कोणाला विचारत बसले नाहीत. लबाडी करायची संधी दिली आणि पाहिलं. एक युक्ती अशी होती की पेपर गोळा करायचे, प्रत्येकाच्या उत्तरांची गुपचूप नक्कल ठेवायची आणि मग पेपर परत देऊन 'आपापले तपासा' म्हणायचं. ज्याने उत्तर बदललं तो नकलेशी ताडून पाहिला की कळतो. निघालं काय, तर प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन गट नव्हतेच. एका ठिकाणी कॉपी करणारा दुसऱ्या ठिकाणी चोख असायचा. कोण कसं वागेल हे प्रसंगावर, पकडलं जाण्याच्या शक्यतेवर, वर्गातले बाकीचे काय करतात यावर फार अवलंबून होतं. आणि नीतीचे धडे किंवा चारित्र्य घडवणाऱ्या संघटना ज्यांच्या वाट्याला जास्त आल्या, ती मुलं या कसोट्यांत जास्त प्रामाणिक ठरली असंही दिसलं नाही.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तर अलीकडचं पाहा. अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने सात नामांकित कार्यक्रम एकाच वेळी तपासले आणि २०१० साली अहवाल दिला. ८४ शाळा, ६,००० हून अधिक मुलं, तिसरी ते पाचवीपर्यंत सलग पाठपुरावा. कोणत्या शाळेत कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं, म्हणजे उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळाच निवडल्या असा आक्षेप घ्यायला जागा नाही. वागणूक, अभ्यास, शाळेतलं वातावरण अशा २० बाबी मोजल्या. सरासरीने पाहता सुधारणा दिसली नाही. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. ज्या शाळांना कार्यक्रम दिला नव्हता त्या काही कोऱ्या नव्हत्या, त्यांच्याकडेही असले उपक्रम चालूच होते. आपल्याकडेही तेच आहे. परिपाठ, सुविचार, बोधकथा, दिनविशेष आणि भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलेली दहा मूल्यं प्रत्येक शाळेत आहेत. त्यावर आणखी एक तासिका चढवली म्हणून काय वाढणार?

आता दुसरी बाजू. २०११ साली जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावनिक-सामाजिक कौशल्यं शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र मांडले. मुलं २,७०,००० हून अधिक. वागणं सुधारलं, भांडणं कमी झाली, आणि अभ्यासातही सरासरी ११ शतमकांचा फायदा दिसला. म्हणजे शंभर मुलांत मधोमध असलेलं मूल दहा-अकरा जणांना मागे टाकून पुढे गेलं. मग खरं कोणाचं? दोन्ही खरं आहे. ज्यांचा परिणाम दिसला त्यांची घडण निराळी होती. राग आला की काय करायचं, मदत कशी मागायची, नाही कसं म्हणायचं अशी नेमकी कौशल्यं ते घेत. पायरीपायरीने जात. ऐकवण्यापेक्षा करवून घेत. वेळ पुरेसा देत. 'या महिन्याचं मूल्य: संवेदनशीलता' असं काही त्यांत नव्हतं. आणि जिथे कार्यक्रम आखल्याप्रमाणे राबवता आला नाही तिथे परिणाम पातळ झाला.

आपल्या देशातले दोन अभ्यास तुमच्या जास्त कामाचे आहेत, त्यांच्यावर जरा थांबतो.

पहिला हरियाणातला. ३१४ सरकारी शाळा, सातवी-आठवीपासून सुरुवात, दर तीन आठवड्यांनी साधारण पाऊण तासाचं सत्र, अडीच वर्षं. विषय एकच, मुलगा-मुलगी भेद. चर्चा, नाटुकली, घरच्या कामांची यादी करून कोण काय करतं ते पाहणं. संशोधकांनी शाळांची निवड चिठ्ठी पद्धतीनेच केली होती आणि निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. मतं बदलली, आणि कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही तो बदल टिकून होता. वागण्यातही काही बदल दिसला, मुख्यतः मुलग्यांमध्ये. घरकामात ते जास्त हात लावू लागले. इथे ध्यानात घ्यायचं ते हे की एकच विषय धरला, दोन-तीन वर्षं सोडला नाही, आणि तो विषय मुलांच्या घरातल्या रोजच्या कामाशी जोडला.

दुसरा बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला, २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. ७४ माध्यमिक शाळांचे तीन गट. एका गटात शाळेचं वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम शिक्षकांनी राबवला. दुसऱ्यात तोच कार्यक्रम त्या कामासाठीच नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीने राबवला. तिसऱ्यात काहीच जादा नाही. कार्यक्रमात होतं काय? परिपाठातल्या चर्चा, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, मुलांचे गट, आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणं. जिथे नेमलेली व्यक्ती होती तिथे दादागिरी, मारामारी, उदासी हे सगळं ठळकपणे कमी झालं आणि शाळेविषयीची आपुलकी वाढली. जिथे शिक्षकांनी केलं तिथे काहीही फरक पडला नाही.

हे वाचून शिक्षकांवर राग काढू नका. तुमच्या चार माणसांकडे सात वर्ग आहेत. त्यात ऑनलाइन माहिती भरणं, मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, आणि वर 'तातडीने आजच्या आज' असे निरोप. त्यांच्या डोक्यावर पुस्तिका ठेवली तर ते शुक्रवारी शेवटच्या तासाला पाच पानं भरून घेतील, बस. डर्लाकच्या संकलनात शिक्षकांनी राबवलेले कार्यक्रमही यशस्वी झालेले दिसतात, पण त्यातल्या बहुतेक शाळा आपल्यासारख्या नव्हत्या. म्हणून माझा पहिला सल्ला असा की पैसा पुस्तिकेवर घालण्याऐवजी माणसावर घाला. गावात डी.एड. किंवा बी.ए. झालेली, लेकरांत रमणारी एखादी पोरगी असतेच. संस्थेने तिला प्रशिक्षण द्यावं, दर महिन्याला येऊन तिच्या सोबत बसावं, आणि शाळेने तिला दिवसाचे दोन तास द्यावेत. याला संस्था तयार असेल तर बोलणी पुढे न्या.

आता शाळेच्या आत येऊ. कुठलाही कार्यक्रम घ्या वा घेऊ नका, तुमच्या शाळेत चारित्र्याचं शिक्षण रोज चालूच आहे, आणि त्यातलं सगळ्यात ठसणारं खिचडीच्या वेळी होतं.

मी या भागात आधी शिक्षक, मग केंद्रप्रमुख आणि निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणून वावरलो आहे. एका शाळेत पाहिलेलं सांगतो, गाव सांगत नाही. हजेरीवर ५८, रांगेत ४३. पोरं ताटं मोजतात, मॅडम. पाचवीच्या पोराला ५८ मधून ४३ वजा करता येतात आणि उरलेल्या पंधरा जणांचा तांदूळ कुठे गेला हा प्रश्नही त्याला पडतो. त्याच शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी परिपाठात सूचना झाली, साहेबांनी विचारलं तर केळी आणि अंडी दर आठवड्याला मिळतात असं सांगायचं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौथीच्या एका पोरीला विचारलं. तिने आधी गुरुजींकडे पाहिलं, मग म्हणाली, "हौ जी, मियते." त्याच भिंतीवर तिच्या डोक्याच्या वर 'नेहमी खरे बोलावे' लिहिलेलं होतं. तिने त्या दिवशी काय शिकायचं ते शिकून घेतलं, आणि त्यासाठी कार्यपुस्तिका लागली नाही. कार्यक्रम आणण्याआधी शिक्षकांच्या बैठकीत एवढं ठरवा की यापुढे तपासणीसाठी लेकरांना पढवायचं नाही. साहेबांचा एखादा शेरा कमी-जास्त पडेल, पडू द्या.

मारण्याचंही तसंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याचा प्रामाणिकपणाशी संबंध आहे हे फार जणांना माहीत नसतं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची मुलं पाहिली. एका शाळेत छडी होती, दुसरीत नव्हती. दोन्हीकडच्या मुलांना एका खेळण्याकडे चोरून पाहायची संधी दिली आणि मग विचारलं. छडीच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते खोटं जास्त सफाईने निभावून नेलं. २०११ चा अभ्यास आहे. तुमच्या शाळेत मोबाइल गेला तेव्हा दप्तरं तपासली असतील, दोन-चार जणांना बडवलंही असेल. त्यातून काय साधलं असेल याचा अंदाज यावरून करा.

बोधकथांबद्दल लोक विचारतात, म्हणून तेही सांगतो. याच संशोधकांच्या गटाने २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या. 'लांडगा आला रे आला' ऐकलेली मुलं खोटं बोलायची थांबली नाहीत. नाक लांब होणाऱ्या लाकडी पोराच्या गोष्टीनेही काही झालं नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीने, जिच्यात खरं कबूल केल्यावर वडील पोराचं कौतुक करतात. तीच गोष्ट शेवट बदलून, म्हणजे शिक्षा होते असा करून सांगितली तेव्हा तो फरक नाहीसा झाला. आपल्या परिपाठातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी खोटं बोलणाऱ्याची फजिती अशा असतात. खरं बोलल्यावर कोणी जवळ घेतलं अशा गोष्टी शोधा. मुख्य म्हणजे शाळेत तसं घडू द्या.

बक्षिसं आणि बिल्ले. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची हौस असलेल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्राकडे कमी वळू लागली. ज्यांना बक्षीस सांगितलं नव्हतं त्यांची हौस तशीच राहिली. पण माझा आक्षेप यापेक्षा साधा आहे. 'आदर्श विद्यार्थी' बिल्ला कोणाला मिळतो ते आठवून पाहा. ज्याचा गणवेश स्वच्छ, ज्याची हजेरी पूर्ण, जो समोर बसतो. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की वर्गातली काही लेकरं आईसोबत वावरात असतात, कारण कापसाचे पैसे किलोवर मिळतात आणि दोन जादा हात म्हणजे दोन किलो जादा. एखादी सहावीतली पोरगी लहान भावाला बांधावर सांभाळत बसलेली असते. तिच्या पुस्तिकेत त्याच आठवड्यात 'नियमितपणा' हा धडा रिकामा राहतो. जबाबदारी म्हणजे काय हे त्या वर्गात तिच्याइतकं कोणाला कळत असेल? बिल्ला मात्र सरपंचाच्या पोराला. असा बिल्ला शाळेत आणूच नका.

ध्यान आणि मौनाबद्दल दोन वाक्यं. ब्रिटनमध्ये ८५ शाळा आणि ८,००० हून अधिक मुलांवर सजगतेच्या धड्यांचा मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०२२ मध्ये आले, मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शाळांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. परिपाठात दोन मिनिटं शांत बसवत असाल तर जरूर बसवा, पोरं थाऱ्यावर येतात. त्यासाठी पैसे मोजू नका.

मग काम करतं काय? दोन शाळांमधलं जवळून पाहिलेलं सांगतो.

वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका शाळेत सहावी-सातवीच्या पोरी पंधरा मिनिटं लवकर येऊन वर्ग झाडायच्या. पोट्टे तेवढ्यात पटांगणात कबड्डी. भिंतीवरच्या दहा मूल्यांत 'स्त्री-पुरुष समानता' आणि 'श्रमप्रतिष्ठा' दोन्ही होती, आणि खराटे नेमके त्याच भिंतीला टेकवलेले असायचे. नव्या आलेल्या गुरुजींनी भाषण केलं नाही. त्यांनी पाळीचा तक्ता केला. एक मुलगा, एक मुलगी, एक लहान वर्गातलं लेकरू अशी तिघांची टोळी, आणि शनिवारच्या पाळीत स्वतःचं नाव. आठवडाभरात एक माय शाळेत आली. "माह्या पोट्ट्याले झाडू काऊन देता जी? घरी दोन पोरी हायेत न." गुरुजींनी तिला तक्ता दाखवला आणि शनिवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. ती पुटपुटत गेली, पण पुन्हा आली नाही. पावसाळा सरल्यावर मी त्या शाळेत गेलो तेव्हा सातवीतला एक दांडगा पोट्टा पहिलीतल्या पोराला रागावत होता, "आंधी पानी शिप नं बे, मंग झाड. धूय उडते." त्याच्या लेखी आता तो झाडणं हा प्रश्न राहिला नव्हता, कसं झाडायचं हा होता. आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा दिवसभर गाव झाडून मगच रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या गुरुजींना हे कोणी शिकवलं होतं का, मी विचारलं नाही.

दुसरं, विनादुकानदाराचं दुकान. हे पुष्कळ शाळांत करतात आणि पुष्कळ शाळांत महिनाभरात बंद पडतं. एका लाकडी खोक्यात पेन, पेन्सिली, खोडरबर, वह्या, बाजूला भावाचा तक्ता आणि उघडा गल्ला. वस्तू घ्या, पैसे टाका. मी पाहिलेल्या एका शाळेत दर शुक्रवारी पाचवी ते सातवीची पोरं हिशेब करत. एका शुक्रवारी ३५ रुपये कमी भरले. मुख्याध्यापकांनी कोणाचंही दप्तर उघडलं नाही, कोणाकडे रोखून पाहिलंही नाही. फळ्याच्या कोपऱ्यात '३५ कमी' लिहिलं आणि विचारलं, आता काय करायचं? एक म्हणाला कुलूप लावा. एक म्हणाला कॅमेरा बसवा. सगळे हसले. मग सहावीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, पेपरच्या दिवशी पेन सरते आन् पैसे नसते. मंग काय करन कोनी?" तिनेच तोड सांगितली. खोक्याजवळ एक वही ठेवायची, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने नाव आणि वस्तू लिहून न्यायची, मजुरी आली की टाकायची. पुढच्या आठवड्यांत तूट चार-दोन रुपयांवर आली आणि उधारीची वही मात्र भरत गेली. त्या वहीतली बहुतेक उधारी बाजाराच्या दिवसानंतर फिटत असे. हार्टशोर्न आणि मे यांनी शंभर वर्षांपूर्वी जे आकड्यांत दाखवलं, तेच या खोक्यात दिसतं. पोरं चोर नव्हती, प्रसंग अडचणीचा होता. प्रसंग बदलला, वागणं बदललं.

असे उपक्रम करताना एक पथ्य पाळा. तूट आली की ती पोरांपुढे मांडायची, पण माणूस शोधायचा नाही. ज्या दिवशी तुम्ही चोर शोधायला लागाल त्या दिवशी दुकान बंद करा.

वर्गातल्या गोंधळासाठी एक साधा खेळ आहे, त्याला भक्कम पुरावा आहे आणि खर्च शून्य आहे. १९६९ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा मांडला गेला. वर्गाच्या दोन-तीन टोळ्या करायच्या, दोन-तीन नियम मुलांसोबत ठरवायचे, ठरलेल्या वेळात नियम मोडला की टोळीच्या नावापुढे खूण. खुणा ठरावीक संख्येच्या आत राहिल्या तर टोळी जिंकली, आणि सगळ्याच टोळ्या जिंकू शकतात. बाल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत तो खेळवला आणि ती मुलं विशीत आल्यावर पुन्हा पाहिली. लहानपणी फार दांडगट असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनाचं प्रमाण कमी निघालं. बहुवर्ग अध्यापनात, एका खोलीत तिसरी-चौथी बसवून तुम्ही एका वर्गाला शिकवता तेव्हा दुसऱ्या वर्गासाठी हा खेळ फार सोयीचा आहे. सुरुवातीला दहा मिनिटंच, आणि बक्षीस म्हणून पाच मिनिटं जादा खेळ. बिल्ल्यांवर मी वर टीका केली, आणि इथे बक्षीस सांगतो आहे हे खरं. पण हे टोळीला आहे, लहान आहे, आणि रोज सगळ्यांना मिळू शकतं.

खर्ऱ्याचं काय, तर तो चारित्र्याचा प्रश्न आहे असं मानूच नका. पानठेला शाळेपासून किती अंतरावर आहे? शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूच्या पदार्थांची विक्री करायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ग्रामपंचायत पैसे द्यायला तयार आहे ना? तिला म्हणा, पैसे राहू द्या, आधी ठेला हलवा. आणि कोणी शिक्षक पोरांना 'जा रे, माझा घोटून आण' म्हणून पाठवत असेल तर ते आजपासून बंद. एवढं झालं की मग नेमलेल्या ताईने सातवीच्या पोरांशी बसून 'मित्राने पुढे केला तर नाही कसं म्हणायचं' याचा सराव घ्यावा. त्या सरावाला डर्लाकच्या संकलनातला पुरावा आहे. व्यसनमुक्तीच्या शपथेला नाही.

सेवाग्राम तुमच्यापासून लांब नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली गेली, तेव्हा हाताचं काम हा शिकण्याचा पाया मानला होता. आज सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेती, स्वयंपाक, सफाई ही कामं शिकण्याचाच भाग आहेत. मी ते पुरावा म्हणून मांडत नाही, तशी चिठ्ठ्या टाकून तिथे तुलना झालेली नाही. पण तुमच्या शिक्षकांना एक दिवस तिथे न्या. जेवणाच्या वेळी कोण वाढतं, कोण खरकटं काढतं, मोठे सगळे कुठे बसतात, एवढंच बघायला सांगा. मूल्यवर्धन हा शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत सुरू होऊन पुढे राज्यात पसरला, त्यातलं साहित्य तुमच्या केंद्रात कुठेतरी कपाटात असेलही. त्यात जोडीने आणि गटाने करायच्या कृती आहेत, संविधानातल्या मूल्यांशी जोडलेल्या. नवीन पुस्तिका विकत घेण्याआधी ते कपाट उघडून पाहा.

संस्थेशी बोलताना मोजणीचा मुद्दा आधी काढा. त्यांचा अहवाल '९२ टक्के विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगितले' अशा थाटाचा असेल तर त्याला काही किंमत नाही. महत्त्व काय, ते तर पोरं पहिलीपासून सांगतात. आपल्या मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदींचं काय झालं ते तुम्ही जाणताच. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात, आणि 'इतरांना मदत करतो' हे वाक्य चाळीस पोरांच्या नावापुढे एकाच अक्षरात असतं. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसतं ते मोजा. खिचडीच्या रांगेतली भांडणं, दुकानातली तूट, सापडलेली वस्तू परत आणून देणं, कारण न सांगता गैरहजेरी, लहान मुलांनी रडत आणलेल्या तक्रारी. एका साध्या वहीत, रोज, कोणीतरी एकानेच. कार्यक्रम सुरू होण्याआधी दोन महिने मोजा, नाहीतर फरक कशाशी ताडणार? केंद्रातल्या एखाद्या शेजारच्या शाळेला हीच वही ठेवायची विनंती करा; तिथे कार्यक्रम नाही, म्हणजे तुलना होते. गैरहजेरी मात्र मागच्या महिन्याशी ताडू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा, कारण वेचणीने आकडे हलतात.

तक्रारींचे आकडे सुरुवातीला वाढले तर घाबरू नका. ताई आली, बिहारसारखी मनातलं लिहून टाकायची पेटी लागली, की दाबून ठेवलेलं बाहेर येतं. पेटीची किल्ली मात्र ताईकडे हवी, शाळेच्या कार्यालयात नको. आणि पेटीतली एखादी चिठ्ठी लैंगिक छळाकडे बोट दाखवत असेल तर ते शाळेत मिटवायचं नसतं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या लोकांना हे माहीत आहे का, हेही बोलणीतच विचारून घ्या. उत्तर देताना ते अडखळले तर तिथेच थांबा.

पालकांकडून पैसे घेऊ नका. आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे, आणि ज्याचे पैसे येणार नाहीत त्याच्या पोराला पुस्तिका न मिळणं हा वर्गातला पहिला धडा ठरेल. ग्रामपंचायतीच्या पैशात ताईचं मानधन बसवा. वेळापत्रकही तुम्हीच द्या. संस्थांचं वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतं, आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत सुट्ट्यांची रांग असते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात नवा विषय नको, फक्त चालू असलेलं टिकवायचं. एका वर्षाला एकच विषय धरा. तुमच्याकडे तो खिचडीची वेळ असू द्या, रांगेपासून हिशेबापर्यंत. करारात एवढं लिहून घ्या की निम्मे पैसे सुरुवातीला, आणि उरलेले फेब्रुवारीत वही दोघांनी मिळून वाचल्यावर.